यादी न देणारं गाव

मुलांनो, 'यादी' हा शब्द तुमच्या कानांवर रोज पडतो. वाण्याकडे द्यायची सामानाची यादी, वर्गातली हजेरीची यादी, सहलीला येणाऱ्यांची यादी आणि परीक्षेनंतरची गुणवत्ता यादी! यादीत आपलं नाव दिसलं की कसं बरं वाटतं. पण ऐंशीएक वर्षांपूर्वी युरोपात काही वेगळ्याच याद्या तयार होत होत्या. त्यांत ज्याचं नाव सापडे, त्याच्या घरी पहाटे पोलीस येत. त्याला गाडीत घालून नेत आणि बहुधा तो माणूस परत कधीच येत नसे. लहान मुलंसुद्धा यातून सुटत नसत.

अशीच एक यादी फ्रान्समधल्या एका डोंगरी गावाकडे मागितली गेली. आणि गावाने सांगितलं, "नाही देणार!"

या गावाचं नाव ल शांबों-सुर-लिन्यों. नाव लांबलचक आहे खरं! त्याचा अर्थ एवढाच, की लिन्यों नदीच्या काठचं शांबों. आपण आपलं नुसतं शांबों म्हणू या.

डोंगरावरचं गाव

फ्रान्सचा नकाशा समोर घ्या. त्यात ल्यों हे मोठं शहर शोधा. तिथून बोट खाली आणि किंचित डावीकडे सरकवा. आधी सेंत-एत्येन हे कोळशाच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेलं शहर लागेल. त्याच्याही खाली समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार मीटर उंचीवर एक पठार आहे. त्या पठारावर शांबों वसलं आहे. आजही गावाची वस्ती जेमतेम अडीच हजार.

हिवाळा इथे फार कडक असतो. भरपूर बर्फ पडतं आणि त्यावरून बोचरं वारं सुटतं. या वाऱ्याला तिथले लोक 'बुर्ल' म्हणतात. एकदा का ते सुटलं, की बर्फ उडून रस्ते दिसेनासे होतात. म्हणून इथली जुनी घरं जाडजूड दगडी भिंतींची. गावात थोडी वस्ती आणि बाकीची शेतघरं पठारभर विखुरलेली. दोन घरांच्या मध्ये कुरणं आणि पाईनची दाट रानं. ही रानं लक्षात ठेवा हं, पुढे त्यांचं मोठं काम आहे.

या गावाची आणखी एक गंमत होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला एका पाद्र्याने एक योजना सुरू केली. सेंत-एत्येनच्या धुरकट वस्त्यांतली मुलं उन्हाळ्यात या पठारावर आणायची आणि शेतकऱ्यांच्या घरी ठेवायची. मोकळी हवा आणि ताजं दूध मिळालं, की मुलांच्या गालांवर लाली येई. पुढे गावात चिमुकली आगगाडी आली, छोटी हॉटेलं आणि खाणावळी निघाल्या. घरात परकं मूल आलं, तर त्याला आपल्या पंगतीला बसवायचं, ही या लोकांना जुनी सवयच होती.

आजोबांच्या आजोबांची आठवण

पण नुसत्या सवयीने माणूस जिवावरचा धोका पत्करत नाही. त्यासाठी आणखी काहीतरी लागतं. ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

फ्रान्समध्ये बहुसंख्य लोक कॅथलिक पंथाचे ख्रिस्ती. शांबोंचे बहुतेक लोक मात्र प्रॉटेस्टंट. फ्रान्समधल्या प्रॉटेस्टंटांना ह्युगेनॉट असंही म्हणत. १५९८ साली राजा चौथा हेन्री याने नांतचा फतवा काढून त्यांना आपल्या पद्धतीने प्रार्थना करायची मोकळीक दिली. पण १६८५ साली चौदाव्या लुईने तो फतवा रद्द केला. मग काय विचारता! प्रॉटेस्टंटांची प्रार्थनामंदिरं पाडली गेली. पाद्र्यांना देश सोडायचा हुकूम झाला. चोरून प्रार्थना करताना कुणी पुरुष सापडला, तर त्याला राजाच्या जहाजांवर वल्ही मारायला पाठवत, बाईला तुरुंगात टाकत.

मारी द्युरां नावाच्या अशाच एका तरुणीला १७३० साली दक्षिण किनाऱ्यावरच्या एग-मोर्त इथल्या बुरुजात कोंडलं. "धर्म बदलते" एवढं ती म्हणाली असती, तर तिची सुटका झाली असती. ती म्हणाली नाही. ती सुटली १७६८ साली. म्हणजे तब्बल ३८ वर्षांनी! त्या बुरुजातल्या दगडावर एक शब्द कोरलेला आजही दिसतो. त्याचा अर्थ 'प्रतिकार करा'. तो मारीनेच कोरला, असं मानतात.

शांबोंच्या घराघरांत या गोष्टी आजीकडून नातवाला सांगितल्या जात. रानात लपून केलेल्या प्रार्थना, पोलिसांची चाहूल लागताच केलेली पळापळ, पळून आलेल्याला माळ्यावर दिलेला आसरा. सरकारचा हुकूम आणि आपलं मन यांत झगडा झाला तर काय करायचं, हे त्या मुलांना पाळण्यापासूनच ठाऊक होतं म्हणा ना.

दारावरची थाप

१९३३ साली जर्मनीत हिटलरची सत्ता आली. ज्यू धर्माच्या लोकांचा त्याला भयंकर द्वेष. आधी त्यांच्या नोकऱ्या गेल्या, मग दुकानं, मग घरं आणि शेवटी त्यांचे जीवच घ्यायला सुरुवात झाली. अनेक ज्यू कुटुंबं पळून फ्रान्समध्ये आली. पण १९३९ साली दुसरं महायुद्ध पेटलं आणि जून १९४० मध्ये फ्रान्सच जर्मनीपुढे हरला! उत्तरेला जर्मन सैन्य बसलं. दक्षिणेला व्हिशी या गावातून म्हातारे मार्शल पेतँ कारभार पाहू लागले. त्यांचं सरकार जर्मनांच्या कलाने चालणारं. ऑक्टोबर १९४० मध्ये त्याने ज्यूंविरुद्ध कायदे केले आणि परदेशातून आलेल्या ज्यूंना काटेरी तारांच्या छावण्यांत डांबायला सुरुवात केली.

त्या वेळी शांबोंमध्ये आंद्रे त्रोक्मे नावाचे पाद्री होते. ते १९३४ साली गावात आले. उंचेपुरे, तापट, पण हिंसेचे कट्टर विरोधक. त्यांचे सहकारी पाद्री एदुआर तैस. या दोघांनी १९३८ साली गावात एक शाळा काढली होती. युद्धात फ्रान्स हरल्यावर दुसऱ्याच दिवशी, म्हणजे २३ जून १९४० च्या रविवारी, प्रार्थनामंदिर माणसांनी भरलं होतं. आमच्या मनाविरुद्ध आमच्यावर जबरदस्ती झाली, तर आम्ही आत्म्याच्या शस्त्रांनी तिचा मुकाबला करू, अशा अर्थाचे शब्द त्या दिवशी व्यासपीठावरून उच्चारले गेले.

बोलणं सोपं असतं, नाही का? खरी परीक्षा त्याच हिवाळ्यात आली.

एका संध्याकाळी त्रोक्म्यांच्या दारावर थाप पडली. त्यांच्या पत्नी माग्दाबाईंनी दार उघडलं. बाहेर एक बाई थंडीने कुडकुडत उभी होती, अंगावर बर्फ साचलेलं. ती जर्मनीतून पळून आलेली ज्यू होती. आत येऊ का, असं तिने घाबरत विचारलं. माग्दाबाईंनी तिला लगेच आत घेतलं, विस्तवाजवळ बसवलं, खायला दिलं. तिचे ओले बूट त्यांनी वाळायला ठेवले आणि काय सांगावं, ते करपूनच गेले! युद्धाच्या दिवसांत बूट म्हणजे सोन्याच्या मोलाची वस्तू. माग्दाबाईंना गावात शोधाशोध करून दुसरे बूट मिळवावे लागले.

मग त्या बाईसाठी कागदपत्रं मिळतील का, हे विचारायला त्या गावाच्या मेयरकडे गेल्या. मेयर म्हणजे आपल्याकडचा सरपंच म्हणा ना. तो घाबरला. त्या बाईला ताबडतोब गावाबाहेर काढा, म्हणाला. माग्दाबाईंचा नाइलाज झाला. त्यांनी त्या बाईला दुसरीकडचा पत्ता देऊन पाठवलं. पण ही गोष्ट त्यांच्या मनाला जन्मभर लागून राहिली. त्यातून त्या एक धडा शिकल्या. अशा कामाची परवानगी कुणाला मागायची नसते. दार उघडायचं आणि गप्प राहायचं.

'जुने करार' पाठवत आहोत!

दक्षिणेकडच्या छावण्यांत मुलांचे फार हाल होत होते. अन्न नाही, औषध नाही. अमेरिकेतल्या क्वेकर पंथाचे लोक, स्वित्झर्लंडची बालमदत संस्था आणि फ्रान्समधली 'सिमाद' ही संस्था अशा काहींनी छावण्यांत शिरून काम सुरू केलं. काही मुलांना बाहेर काढता येत होतं; पण त्यांना ठेवायचं कुठे? मार्सेय शहरात त्रोक्मे एका क्वेकर कार्यकर्त्याला भेटले. तुमचं गाव ही जबाबदारी घेईल का, असा प्रश्न त्यांना विचारला गेला. गावाने ती घेतली.

शांबोंमध्ये एकामागून एक बालगृहं निघाली. ला गेस्पी, लाब्रिक, फायदोली, ले ग्रियों अशी त्यांची नावं. स्वित्झर्लंडहून आलेला ऑगस्ट बोनी हा तरुण शिक्षक त्यांतल्या काहींची व्यवस्था पाही. उरलेली माणसं शेतघरांत, खाणावळींत, शाळेच्या वसतिगृहांत सामावली जात. दुपारच्या गाडीने नवी माणसं उतरत. अंधार पडायच्या आत त्यांची कुठेतरी सोय झालेली असे.

पण निरोप कसे द्यायचे? पत्रं फोडली जात. मग एक युक्ती निघाली. बायबलच्या पहिल्या भागाला 'जुना करार' म्हणतात. तो ज्यूंचाही धर्मग्रंथ. तेव्हा 'उद्या काही जुने करार पाठवत आहोत', असा निरोप आला, की समजायचं, उद्या तेवढी ज्यू माणसं येणार! वाचणाऱ्या पोलिसाला वाटे, पाद्रीबुवा पुस्तकं मागवताहेत. आहे की नाही डोकं?

पोलिसांचा छापा पडायच्या आधी कधीकधी पाद्र्याच्या घरचा फोन खणखणे. अनोळखी आवाज सावध करी आणि फोन बंद होई. मग शेतघराशेतघरांतून निरोप पळत. ज्यू मुलं त्या पाईनच्या रानात जाऊन लपत. पोलीस निघून गेले, की गावातलं कुणीतरी रानात जाऊन एक ठरावीक गाणं म्हणे. ते कानांवर पडलं, की मुलांना कळे, चला, आता घरी जायला हरकत नाही.

आणि या सगळ्या गडबडीत शाळा चालूच होती, बरं का! गृहपाठही होता आणि परीक्षाही. त्या बालगृहातला एक मुलगा गणितात भलताच पुढे होता. त्याचं नाव अलेक्झांडर ग्रोथेंडीक. त्याचा जन्म बर्लिनचा, १९२८ सालचा. त्याचे ज्यू वडील १९४२ साली आऊशवित्झच्या मृत्युछावणीत मारले गेले. तो ला गेस्पीत राहिला, शांबोंच्या शाळेत शिकला आणि छापा पडला की इतर मुलांबरोबर रानात लपला. पुढे तो विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या गणितज्ञांपैकी एक झाला. १९६६ साली त्याला गणितातलं अतिशय मानाचं फील्ड्स पदक मिळालं. १९६८ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताची एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिच्या निबंधसंग्रहात ग्रोथेंडीकचा एक गाजलेला निबंध आहे.

विद्यार्थ्यांचं पत्र

जुलै १९४२. पॅरिसमध्ये १६ आणि १७ तारखेला फ्रेंच पोलिसांनी सुमारे तेरा हजार ज्यूंना पकडलं. त्यांत चार हजारांहून अधिक मुलं होती. त्यांतल्या बहुतेक कुटुंबांना सायकलच्या शर्यतींसाठी बांधलेल्या एका स्टेडियममध्ये कोंडलं आणि पुढे मृत्युछावण्यांकडे रवाना केलं. ही बातमी शांबोंपर्यंत पोहोचली.

पुढच्याच महिन्यात व्हिशी सरकारचे युवक खात्याचे प्रमुख लामिरां गावाच्या भेटीला येणार होते. मोठा समारंभ, हारतुरे, भाषणं, असं सगळं व्हावं अशी वरून अपेक्षा. गावाने साधंसं जेवण दिलं, प्रार्थना केली आणि मग शाळेच्या वरच्या वर्गांतले काही विद्यार्थी पुढे झाले. त्यांनी पाहुण्यांच्या हातात एक पत्र ठेवलं. पॅरिसमध्ये काय झालं, ते आम्हांला कळलं आहे. आमच्यात ज्यू मुलं आहेत. आम्ही ज्यू आणि इतर असा भेद मानत नाही. त्यांना न्यायचा हुकूम निघाला, तर ती तो मोडतील आणि आम्ही त्यांना लपवू. असा त्या पत्राचा मतलब होता.

विचार करा, ही तुमच्या ताईदादांच्या वयाची मुलं! समोर सरकारचा बडा अधिकारी. पत्र वाचून तो गोंधळला आणि हा आपला विषय नाही, असं म्हणत निघून गेला.

त्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांनी पोलिसांच्या मोटारी आणि रिकाम्या बसगाड्या चौकात येऊन उभ्या राहिल्या. अधिकाऱ्याने त्रोक्म्यांना बोलावून सांगितलं, "गावातल्या ज्यूंची नावं-पत्ते द्या." त्यांनी साफ नकार दिला. ज्यू कोण, ते आम्हांला ठाऊक नाही, आम्हांला फक्त माणसं ठाऊक आहेत, असं त्यांनी ठणकावलं. पोलिसांनी घरं, माळे, तळघरं, गोठे उचकले. कित्येक दिवस शोध चालला. पण बसगाड्या जवळजवळ रिकाम्याच परतल्या.

आता यात एक गोष्ट नीट पाहा. यादी एका पाद्र्याने नाकारली, हे खरं. पण पठारावरच्या शेकडो लोकांना माहीत होतं, कुणाच्या माळ्यावर कोण आहे ते. दूधवाल्याला माहीत होतं, शिक्षकांना माहीत होतं, बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलांना माहीत होतं. यांतल्या प्रत्येकाने तोंड मिटून ठेवलं, तेव्हा कुठे त्या एका नकाराला अर्थ आला. आणि हे काम एकट्या शांबोंनेही केलं नाही. तांस, माझे-सें-व्होआ, फे-सुर-लिन्यों अशा शेजारच्या गावांनीही ज्यूंना आसरा दिला. त्यांत प्रॉटेस्टंट होते, कॅथलिक होते आणि कुठलाच धर्म न मानणारेही होते.

मधमाश्यांच्या पेटीतलं गुपित

लपून राहायचं, तरी पोट थोडंच गप्प बसतं? युद्धाच्या दिवसांत पाव, साखर, लोणी, सगळं रेशनवर मिळे. रेशनकार्डासाठी ओळखपत्र हवं. आणि ज्यू माणसाच्या ओळखपत्रावर तो ज्यू असल्याचा ठळक शिक्का मारलेला असे. म्हणजे नवं नाव, नवं ओळखपत्र आणि नवं रेशनकार्ड, सगळंच बनावट बनवायला हवं!

हे काम करणारा होता ऑस्कर रोझोव्स्की, वय अवघं एकोणीस वर्षं. त्याला डॉक्टर व्हायचं होतं. पण ज्यूंवरच्या कायद्यांमुळे ते दार बंद झालं. नीस शहरात तो टाइपरायटर दुरुस्त करायचं काम शिकला. त्या निमित्ताने सरकारी कचेऱ्यांत जाणं होई आणि तिथली कागदपत्रं कशी असतात, शिक्के कसे असतात, हे तो न्याहाळून ठेवी. त्याच्या आईला स्वित्झर्लंडच्या सीमेवर पकडून छावणीत टाकलं, तेव्हा त्याने बनावट परवाना तयार करून तिला सोडवलं!

१९४२ च्या अखेरीला तो शांबोंला आला आणि गावाजवळच्या एका शेतघरात राहू लागला. दिवसा साधासुधा मुलगा, रात्री दिव्याच्या उजेडात शिक्के, सह्या आणि अक्षरांच्या नकला. काम झालं, की सगळं साहित्य शेतकऱ्याच्या मधमाश्यांच्या पेट्यांत लपवायचं. तिथे हात घालायची कुठल्या पोलिसाची छाती आहे? अशा कागदपत्रांच्या जोरावर शेकडो लोक निर्धास्तपणे फिरू शकले. काहींना तर विद्यार्थ्यांनी आणि बालवीरांनी वाट दाखवत थेट स्वित्झर्लंडच्या हद्दीपर्यंत पोहोचवलं. पुढे ऑस्कर खरोखरच डॉक्टर झाला.

खोटी कागदपत्रं करणं चूक नाही का, असं तुमच्यापैकी कुणी विचारील. त्रोक्म्यांनाही खोटं बोलणं पटत नसे आणि त्याचा त्यांना फार त्रास होई. पण एका बाजूला एक खोटा शिक्का आणि दुसऱ्या बाजूला एका मुलाचा जीव. या दोहोंत गावाने काय निवडलं, ते तुम्ही वाचलंतच. तुम्ही काय निवडलं असतं? घरी आईबाबांशी यावर जरूर बोला.

मोजलेली किंमत

या गोष्टीत सगळं गोडच झालं, असं मात्र नाही.

नोव्हेंबर १९४२ मध्ये जर्मन सैन्याने दक्षिण फ्रान्सही ताब्यात घेतला. १३ फेब्रुवारी १९४३ रोजी त्रोक्मे, तैस आणि गावच्या सरकारी शाळेचे मुख्याध्यापक रॉजर दार्सिसाक यांना अटक झाली. पोलीस त्रोक्म्यांच्या घरी आले, तेव्हा जेवणाची वेळ होती. माग्दाबाईंनी पोलिसांनाही जेवायला बसायला सांगितलं! बातमी पसरताच गावकरी एकेक वस्तू घेऊन आले. कुणी मेणबत्ती आणली, कुणी माशांचा डबा. त्या टंचाईच्या दिवसांत घरात जपून ठेवलेल्या या चिजा. महिनाभराने या तिघांना सोडलं. सुटकेसाठी सरकारच्या आज्ञा पाळण्याच्या कागदावर सही मागितली होती. दोघा पाद्र्यांनी तीही केली नाही. पुढे मात्र जिवाला धोका वाढल्यामुळे दोघांनाही गाव सोडून लपावं लागलं.

२९ जून १९४३ ची पहाट गावासाठी सगळ्यांत काळी ठरली. जर्मन गुप्त पोलिसांनी, म्हणजे गेस्टापोने, मेझों दे रोश या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहावर छापा घातला आणि अठरा विद्यार्थ्यांना पकडलं. वसतिगृहाचे प्रमुख दानिएल त्रोक्मे, पाद्री त्रोक्म्यांच्या नात्यातले, त्या वेळी ले ग्रियों बालगृहात होते. पळून जायला वेळ होता, मागे रान होतं. पण माझी मुलं तिथे असताना मी पळणार नाही, म्हणून ते थांबले. त्यांनाही नेलं. एप्रिल १९४४ मध्ये पोलंडमधल्या मायदानेक छावणीत त्यांचा अंत झाला. वय अवघं ३१. पकडलेल्यांपैकी अनेक विद्यार्थीही परत आले नाहीत.

त्या दिवशी एकाला मात्र परत आणता आलं. गावातल्या एका हॉटेलात जखमी जर्मन सैनिक विश्रांतीसाठी राहत असत. त्यांतला एक जण लिन्यों नदीत बुडत होता, तेव्हा वसतिगृहातल्या एका स्पॅनिश मुलाने त्याला वाचवलं होतं. माग्दाबाई थेट त्या हॉटेलात गेल्या, जर्मन अधिकाऱ्यांना साक्षीला घेऊन आल्या आणि त्या मुलाला सोडवलं.

गावचे डॉक्टर रोजे ल फोरेस्तिए हेही असेच गेले. ऑगस्ट १९४४ मध्ये ल्योंजवळ जर्मनांनी अनेक कैद्यांना गोळ्या घातल्या. त्यांत ते होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत या भागाची सुटका झाली.

त्यात काय एवढं!

युद्धाच्या काळात फ्रान्समधून सुमारे ७६ हजार ज्यूंना मृत्युछावण्यांत पाठवलं गेलं. त्यांत ११ हजारांहून अधिक मुलं होती. परतले ते फक्त अडीच हजारांच्या आसपास. या आकड्यांसमोर शांबोंचं पठार ठेवून पाहा, म्हणजे त्याचं मोल कळेल.

तिथे एकूण किती लोकांना आसरा मिळाला? पाच हजार हा आकडा पुष्कळदा सांगितला जातो; काही इतिहासकार तो बराच कमी धरतात. नक्की आकडा हाती लागणार तरी कसा? लपवलेल्या माणसांची नोंदवही कोण ठेवतं? पोलिसांना यादी मिळाली नाही, तशी इतिहासकारांनाही मिळाली नाही!

युद्ध संपल्यावर शांबोंच्या लोकांनी ना मिरवणूक काढली, ना भाषणं केली. वर्षानुवर्षं या गोष्टीची बाहेर फारशी वाच्यता नव्हती. कुणी विचारलंच, तर शेतकरी बायका खांदे उडवून म्हणत, दारात आलेल्याला आत घेतलं, त्यात काय एवढं! १९७९ साली, इथे वाचलेल्या ज्यूंनी स्वतः येऊन प्रार्थनामंदिरासमोर कृतज्ञतेची पाटी बसवली. १९९० साली इस्रायलच्या 'याद वाशेम' या संस्थेने शांबों आणि शेजारच्या गावांचा एकत्रित सन्मान केला. असा मान एका माणसाला मिळतो. अख्ख्या गावाला मिळणं ही फारच दुर्मीळ गोष्ट. २०१३ साली गावात या आठवणींचं संग्रहालयही उघडलं.

आणि आता शेवटची एक बातमी. १९४३ साली एरिक श्वाम नावाचा एक शाळकरी मुलगा आपल्या कुटुंबाबरोबर शांबोंला आला होता. तो ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाचा. गावाने त्याला सांभाळलं, शाळेत घातलं. १९५० पर्यंत तो तिथे राहिला, पुढे औषधशास्त्र शिकला आणि दुसऱ्या गावी स्थायिक झाला. डिसेंबर २०२० मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी तो वारला. त्याला मूलबाळ नव्हतं. मृत्युपत्र उघडलं, तर सगळे चकित! आपली सुमारे वीस लाख युरोंची संपत्ती त्याने शांबों गावाला देऊन टाकली होती. ती मुलांच्या आणि तरुणांच्या शिक्षणासाठी वापरावी, ही त्याची इच्छा.

म्हणजे पाहा, १९४३ साली ज्या गावाने एका परक्या मुलाला वर्गात जागा दिली, त्याच गावातल्या आजच्या मुलांच्या फीचे पैसे तो मुलगा जवळजवळ ऐंशी वर्षांनी भरतो आहे!